खामगावची गाठ, सिंगापूरची फूटपट्टी

सिंगापूर हा अख्खा देश सुमारे 735 चौरस किलोमीटरचा. बुलढाणा जिल्हा साधारण 9,660 चौरस किलोमीटरचा आणि त्यात तालुके 13. भागाकार केला की सरासरी एका तालुक्याएवढा तो देश भरतो. तिथे खाण नाही, शेतीला नाव घेण्याजोगी जमीन नाही, पाण्याचा काही भागही शेजारच्या मलेशियातून घ्यावा लागतो. तरीही त्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा कारखान्यांतून येतो. मजूर महाग आणि जागा त्याहून महाग, म्हणून तिथल्या सरकारला एकच रस्ता उरला: आहे त्या जागेत, आहे त्या माणसांत जास्त आणि चांगला माल काढायचा.

2017 च्या नोव्हेंबरात सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळानं कारखानदारांच्या हातात एक फूटपट्टी दिली. जर्मनीची ट्यूव्ह स्यूड ही तपासणी संस्था तिच्या घडणीत सोबत होती. प्रक्रिया, तंत्रज्ञान आणि संघटन हे तिचे तीन भाग. त्यांच्या पोटात आठ खांब आणि सोळा कसोट्या. प्रत्येक कसोटीवर कारखान्याला शून्य ते पाच अशी पायरी मिळते. यंत्रं एकमेकांशी जोडलेली आहेत का, दारात नोंदलेली माहिती आतल्या कामगारापर्यंत पोचते का, कामगाराला नवं शिकवायची सोय आहे का, मालकाला यातलं कितपत कळतं, असे साधे प्रश्न त्यात आहेत. ‘चौथी औद्योगिक क्रांती’ हे 2011 साली जर्मनीतल्या हानोव्हरच्या प्रदर्शनातून जगभर गेलेलं भारदस्त नाव. या फूटपट्टीनं त्याला जमिनीवर आणलं. छोट्या कारखानदाराला ‘रोबो घ्या’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही आज कुठे आहात’ हे आधी सांगायचं, असा तिचा रोख.

हीच फूटपट्टी घेऊन कुणी बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-मलकापूरच्या एखाद्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, शिरलं तर काय दिसेल?

बुलढाणा जिल्ह्याचे लोक जिल्हा दोन तुकड्यांत सांगतात: घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. समृद्धी महामार्ग गेला तो याच वरच्या अंगानं. कापसाची जुनी पेठ मात्र घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि जुना सहा क्रमांकाचा महामार्ग याच पट्ट्यातून जातात, आणि जिनिंगची धुराडी, गोदामं, वजनकाटे त्यांच्याच कडेनं उभे आहेत.

खामगावला तंत्रज्ञानाचं अप्रूप नवं नाही. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसासाठी खास आयुक्त नेमला गेला. भुसावळहून नागपूरकडे रेल्वे धावू लागली आणि मग जलंबहून खामगावला आठ मैलांचा फाटा टाकला गेला. 1870 च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं त्याच्या उद्घाटनाला आले. तारायंत्र आलं, वाफेवरची दाबयंत्रं आली, व्होलकार्टसारख्या युरोपी पेढ्यांचे दलाल आले. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात कळू लागला. त्या काळाच्या मापानं हा कापूसबाजार जगाच्या पुढच्या रांगेत होता. पण त्या तारेतून भाव यायचा आणि मागणी यायची; कापूस कुठल्या गावचा, कुठल्या वेच्याचा, ही माहिती उलट दिशेनं कधी गेली नाही. त्या काळी तिच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. आज अडतं.

दसऱ्याला मुहूर्ताची खरेदी झाली की जिनिंगचं आवार भरायला लागतं. शेतकऱ्याची गाडी, खेडा खरेदी करून आलेल्या व्यापाऱ्याचा टेम्पो, काट्यावर वजन, मग ग्रेडरची मूठ. तो कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहतो, कवडी, म्हणजे किडका कापूस, किती आहे ते पाहतो आणि मॉइश्चर मीटर खुपसतो. हमी भावाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा धरलेला असतो; त्याच्यावर 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात पैसे कापले जातात आणि 12 च्या वर माल परत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमी भाव क्विंटलला 8,110 रुपये होता, म्हणजे ओलाव्याचा एक टक्का शेतकऱ्याला सुमारे 80 रुपयांना पडत होता. मीटरवरचा तो आकडा एका पावतीवर चढतो. पुढच्याच मिनिटाला गाडी मागे वळते आणि आठ टक्क्यांचा कापूस अकरा टक्क्यांच्या कापसावर ओतला जातो. सीतादहीनंतरचा, म्हणजे वेचणीच्या पूजेनंतरचा, पहिला स्वच्छ वेचा आणि हंगामाअखेरच्या फरदडीचा पिवळट कापूस एकाच गंजीत जातात.

आत गंजीतला कापूस नळातून ओढला जातो आणि डबल रोलर जिनांच्या रांगेवर येऊन पडतो. या यंत्राचं मूळ 1840 सालचं, अमेरिकेच्या फोन्स मॅकार्थी यांचं. एली व्हिटनीच्या करवतीच्या जिनपेक्षा ते तंतूला हळुवार वागवतं, म्हणून लांब धाग्याला बरं. भारतानं ते उचललं आणि दोन रोलरचं करून आपलंसं केलं. चामड्याच्या चकत्या एका दांड्यावर घट्ट बसवून रोलर होतो आणि त्यावर पेचदार खाचा पाडतात. खाचांत अडकलेला तंतू स्थिर सुरीखाली ओढला जातो, हलती सुरी वरून ठोके देत सरकी सोडवते. चामडं झिजतं, खाच बुजते, सुरीचं अंतर बिघडतं आणि जिन तेवढीच वीज खाऊन कमी रुई देऊ लागतं. हे ओळखणारा माणूस म्हणजे फिटर. तो रांगेतून चालताना आवाजावरून सांगतो की अमुक नंबरचं जिन ‘बसलंय’. पाना काढतो, पट्टी घालून अंतर बघतो, रोलर उतरवून पुन्हा खाचा पाडायला पाठवतो. ज्या जिनिंगचा फिटर चांगला, तिचा उतारा चांगला. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. या एक-दोन किलोंच्या फरकावरच हंगामाचा नफा-तोटा ठरतो.

फूटपट्टी इथे लावली तर ‘यंत्र’ या कसोटीवर घाटाखालच्या कित्येक जिनिंगला वाईट गुण मिळणार नाहीत. त्याला कारण 2000 साली सुरू झालेलं केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान. त्याच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. डोक्यावरच्या टोपल्या गेल्या आणि हवेच्या दाबावर चालणारे नळ आले, जिनला आपोआप कापूस पुरवणारे फीडर आले, कचरा झटकणारे क्लीनर आले. जिनिंग आणि प्रेसिंग एका छपराखाली आलं; रुई जमिनीवर न पडता थेट दाबयंत्रात जाऊ लागली आणि 170 किलोची गाठ बांधून बाहेर पडू लागली. ही यंत्रं बनवणारी बजाज स्टीलसारखी कंपनी नागपूरचीच. ती आफ्रिकेतही जिनिंग उभारते.

त्याआधीची तीस वर्षं मात्र यंत्र बदलायची गरजच कुणाला भासली नव्हती. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारचा, विक्री सरकारची, आणि खाजगी जिनिंग फक्त ठरावीक मजुरीवर पिंजून द्यायची. रुई स्वच्छ निघाली काय किंवा पाल्यापाचोळ्यासकट निघाली काय, मजुरी तेवढीच. चांगल्या कामाला जादा पैसा नसेल तर यंत्रावर पैसा कोण घालेल? एकाधिकार सैल झाला आणि अभियान आलं, त्या दोन्हींचा काळ जवळपास एकच होता.

यंत्र आलं. माहिती मात्र यंत्रामागून आली नाही.

जिनिंगमध्ये ‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय, हे सांगायला परदेशी उदाहरण लागत नाही. प्रत्येक जिनला स्वतःची मोटर असते. ती किती करंट ओढते हे सतत मोजलं तर कुठलं जिन रिकामं फिरतंय, कुठलं तुंबलंय आणि कुठल्याचा रोलर झिजलाय हे कळतं. फिटरचा कान जे ओळखतो तेच आकड्यात उतरतं आणि रात्रपाळीलाही ओळखता येतं. नळात ओलाव्याचा सेन्सर बसवला तर फार कोरडा कापूस पिंजून तंतू तुटण्याआधी थोडी वाफ देता येते. कापसातून एखादा खडा किंवा खिळा आत गेला की ठिणगी उडते आणि गंजीच्या गंज्या पेटतात. नळातली ठिणगी टिपून तेवढाच कापूस बाहेर फेकणारी यंत्रणा जगात जुनी आहे. शेवटी प्रत्येक गाठीतून चिमूटभर नमुना घेऊन तो एचव्हीआय यंत्रावर तपासायचा: तंतूची लांबी, ताकद, जाडी म्हणजे मायक्रोनेअर, रंग आणि कचरा. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक गाठीचा असा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो आणि गाठीला कायमचा क्रमांक मिळतो. तिकडचा सूतगिरणीवाला गाठ न पाहता आकड्यांवर सौदा करतो.

आपल्याकडे गाठीला क्रमांक नव्हता असं नाही. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्यानंच प्रत्येक गाठीवर कारखान्याचा शिक्का आणि अनुक्रमांक मारणं बंधनकारक केलं होतं. भेसळ करणारा कोण हे सापडावं, एवढाच त्याचा हेतू होता. जवळपास शंभर वर्षांनी, 2024 मध्ये, भारतीय कापूस महामंडळानं म्हणजे सीसीआयनं आपल्या गाठींवर क्यूआर कोड आणला. त्यामागे ब्लॉकचेनची नोंदवही. कापूस कुठला, कुठल्या कारखान्यात पिंजला, केव्हा दाबला, हे फोनवर दिसावं अशी ती योजना. भारतीय कापसाला नाव मिळवून देण्यासाठी 2020 च्या 7 ऑक्टोबरला, जागतिक कापूस दिनी, ‘कस्तुरी’ हा ब्रँड जाहीर झाला, तोही अशाच मागोव्यावर उभा आहे.

अडचण कोडात नाही, गंजीत आहे. पंधरा गावांचा कापूस एका गंजीत पडला की गाठीवरचा कोड खरं सांगतो ते कारखान्यापासून पुढचं. मागची साखळी तिथेच तुटते. संगणक कितीही हुशार असला तरी एकत्र ओतलेला कापूस त्याला वेगळा करून देता येत नाही. म्हणजे घाटाखालच्या जिनिंगचा ‘स्मार्ट’पणा जिनपाशी सुरू होत नाही, तो काट्यापाशी सुरू होतो, आणि पहिली गुंतवणूक संगणकाची नसून आवारात दोन-तीन वेगळे ओटे बांधण्याची आहे.

मग मालक ते का करत नाहीत? त्यांचा हिशेबही समजून घ्यायला हवा. जिनिंग चालते दसरा-दिवाळीपासून फार तर मार्च-एप्रिलपर्यंत. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातही ती हंगामी उद्योगांतच मोडते. सहा महिने बंद राहणाऱ्या सेन्सरवर बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालतो. जिल्ह्यात सोयाबीननं कापसाची बरीच रानं घेतली, तेव्हा जिन पूर्ण क्षमतेनं चालतील याची हमी नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाला झोडपलं, त्यानंतर जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे लावायची वेळ आली. शिवाय कित्येकदा मालकाचं लक्ष रुईपेक्षा सरकीकडे असतं. सरकीच्या ढेपेचा वायदेबाजार शेजारच्या अकोल्याच्या भावावर चालतो आणि ढेप तेजीत असेल तर रुईतलं नुकसान सरकी भरून काढते. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते, तिच्यातलं कापसाचं भाकीत ऐकणाऱ्यांत शेतकऱ्यांसोबत व्यापारीही असतात. भाव हातात नसला की माणूस जिथून मिळेल तिथून अंदाज गोळा करतो.

तरी खरी गोम वेगळीच आहे. वेगळा ठेवून, वेगळा पिंजून, तपासून दिलेल्या गाठीला दलाल किती जास्त देतो? सौदा बहुतेक वेळा शंभर-शंभर गाठींच्या लॉटवर आणि कारखान्याच्या नावावर होतो. नाव चांगलं असेल तर भाव बरा. एकेका गाठीच्या अहवालाला वेगळे पैसे क्वचितच. भारतीय कापसाची जगात सर्वांत मोठी तक्रार परक्या वस्तूंची आहे: खताच्या पोत्याचे प्लास्टिकचे धागे, सुतळी, केस, गुटख्याच्या पुड्या. वेचणीला सुती पिशवी दिली तर यातलं बरंच टळतं, पण ती पिशवी कोणाच्या खर्चानं द्यायची हा प्रश्न शेतापासून गिरणीपर्यंत प्रत्येक जण पुढच्याकडे ढकलतो.

इथे सिंगापूरकडे पुन्हा पाहण्यासारखं आहे, आणि ते यंत्रांसाठी नाही. त्या देशानं 2003 पासून एक योजना चालवली: ‘ए-स्टार’ या सरकारी संशोधन संस्थेतले अभियंते छोट्या कारखान्यांना उसने द्यायचे. अभियंता कारखान्यात बसतो, पगाराचा मोठा भाग सरकार उचलतं, आणि काम जमलं तर काही जण तिथेच नोकरीला राहतात. 2017 मध्ये त्याच संस्थेनं एक नमुना कारखाना उघडला, जिथे मालकानं यंत्र विकत घेण्याआधी ते चालताना पाहावं आणि आपल्या मालावर करून बघावं. फूटपट्टी लावणारे मूल्यमापकही प्रशिक्षण देऊन, परीक्षा घेऊन तयार केले. पैसा यंत्रावर खर्च झालाच. पण त्याआधी तो कारखान्यात जाऊन बसणाऱ्या माणसावर खर्च झाला.

आपल्याकडे या माणसाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत 4.0’ योजनेतलं एक केंद्र, सी4आय4 लॅब, पुण्यात आहे. तिथे कारखान्यांचं असं मूल्यमापन होतं, पण त्याचा ओढा वाहनं आणि सुट्या भागांच्या उद्योगाकडे. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी ‘झेड’ प्रमाणपत्राची योजना 2016 मध्ये आली, 2022 मध्ये नव्यानं मांडली गेली आणि तिच्यात सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात 80 टक्के सूट आहे. कापसाची खास विद्या मुंबईच्या माटुंग्यातल्या ‘सिरकॉट’कडे आहे. 1924 साली सुरू झालेली ही प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. चामड्याच्या रोलरमधून क्रोमियमची धूळ उडते, तिच्यावर उपाय म्हणून रबरी रोलरचं संशोधन याच संस्थेत झालं. खामगावचा फिटर नागपूरला शिकायला जाऊ शकतो. पण हंगामात त्याला सोडायला मालक तयार नसतो आणि हंगाम सरला की फिटर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

खामगावच्याच औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना वर्षानुवर्षं चालतो आहे. मोठ्या कंपनीला आपला अभियंता आणि आपली फूटपट्टी असते. शेजारच्या जिनिंगला ती कोण देणार, हाच मुद्दा. एकेकट्या जिनिंगला एचव्हीआय यंत्र परवडणार नाही. पण मलकापूर ते शेगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांना मिळून एक प्रयोगशाळा आणि हंगामभर फिरणारे दोन-तीन तंत्रज्ञ परवडू शकतात. जिल्हा उद्योग केंद्र, बाजार समित्या आणि कारखानदारांची संघटना यांनी एकत्र बसून ठरवण्याजोगं हे काम आहे.

यात आणखी एक बाजू आहे, ती अनुदानाच्या फायलीत येत नाही. फीडर येण्याआधी जिनवर कापूस चढवण्याचं काम बायका करत. फीडरनं ते काम खाल्लं. काही जणी पट्ट्यावरून सरकणाऱ्या कापसातून प्लास्टिक आणि कवडी वेचायला लागल्या, बाकीच्यांना शेतमजुरीशिवाय पर्याय उरला नाही. भेसळ टिपणारा कॅमेरा उद्या आला तर वेचणाऱ्या जणींचंही काम जाईल. सिंगापूरच्या फूटपट्टीत कामगाराच्या शिक्षणाला स्वतंत्र कसोटी आहे. ती कसोटी इथे लावायची तर मॉइश्चर मीटर, नमुना काढणं, गाठीची नोंद ही कामं या बायकांना शिकवता येतील; त्यात ताकद लागत नाही, नजर लागते आणि ती त्यांची वर्षानुवर्षं घडलेली आहे.

दडपण बाहेरूनही वाढतं आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचा 11 टक्के आयात कर काही काळासाठी उठवला आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरणीवाल्याच्या टेबलावर अमेरिकी गाठीचा अहवाल आणि खामगावच्या गाठीचा नमुना शेजारी शेजारी आले. अमरावतीच्या नांदगाव पेठेतल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी 2024 च्या सप्टेंबरात झाली. ते उभं राहिलं तर गाठीचं गिऱ्हाईक दक्षिणेतल्या गिरण्यांऐवजी दीडशे-दोनशे किलोमीटरवर असेल आणि तक्रार घेऊन दुसऱ्या दिवशी दारात येऊ शकेल.

सगळ्यात मोठं हत्यार मात्र सीसीआयकडेच आहे. हमी भावाची खरेदी करताना ती खाजगी जिनिंग निविदा काढून भाड्यानं घेते आणि कापूस तिथेच पिंजून घेते. 2025-26 च्या हंगामात तिनं शेतकऱ्यांसाठी ‘कपास किसान’ ॲप आणलं: नोंदणी फोनवर, गाडी आणायची वेळही फोनवर. म्हणजे कुठल्या शेतकऱ्याची गाडी कुठल्या दिवशी कुठल्या काट्यावर येणार हे आता आधीच ठाऊक असतं. पुढच्या निविदेत सीसीआयनं दोनच अटी वाढवल्या तरी फरक पडेल: ओलाव्याप्रमाणे आणि वेच्याप्रमाणे गंज्या वेगळ्या लावायच्या, आणि वेगळ्या गंजीच्या गाठीला प्रक्रियेची मजुरी थोडी जास्त द्यायची. हमी भावात ओलाव्याच्या टक्क्यामागे शेतकऱ्याचे पैसे कापले जातात, त्या मोजणीची नोंद आजही होतेच आहे. ती पावतीवरून गंजीच्या पाटीवर आणि पाटीवरून गाठीच्या कोडात न्यायला नवं यंत्र लागणार नाही. पाटी लावणारा माणूस आणि त्याची रोजची मजुरी निविदेत धरावी लागेल.